वरची जागा

"म्हातारीला रविवारी शेवटची संधी द्या. नाहीच आले लोक, तर मग खुशाल पाडा तिला," सून फोनवर सांगत होती. बोलून वळली, तर मागे सासूबाई चहाचा कप घेऊन उभ्या. सुनेने जीभ चावली. म्हातारी म्हणजे पार्कातला तो जुना लाकडी रोलर कोस्टर, सगळेच त्याला म्हातारी म्हणतात, नाव काही मी ठेवलेलं नाही, असं तिने एका दमात सांगून टाकलं. सासूबाईंनी कप तिच्या हातात दिला आणि रविवारी कधी निघायचं, एवढंच विचारलं.

सून त्या पार्कची मॅनेजर. आजवर तिला म्हातारीचा सगळा इतिहास पाठ झाला होता, पण सासूबाई काही उमगल्या नव्हत्या. लग्न ठरताना नवऱ्याने मोठ्या ऐटीत सांगितलं होतं की, आई तरुणपणी त्याच पार्कात वरच्या जागेवर होती. वरच्या म्हणजे नेमक्या कुठल्या, हे त्या शहाण्याने कधी विचारलं नव्हतं. ऑफिसात असतील, असं सुनेने धरून चाललं, कारण बाई कमालीच्या शांत. दूध उतू गेलं तरी हूं की चूं नाही. सुनेच्या हातून त्यांची आवडती काचेची बरणी फुटली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने झाडू आणून दिला. शेजारणींच्या सासवा घर डोक्यावर घ्यायच्या आणि त्या शेजारणी हिचा हेवा करायच्या. हिला मात्र आतून लागायचं. आपण त्यांना मुळी आवडतच नाही, नाहीतर एखादी सासू इतकी गप्प कशी राहील, असं तिला वाटायचं.

रविवारी म्हातारी नटूनथटून उभी होती. खांबांना नवा रंग, डब्यांना नव्या गाद्या. प्रवेशाजवळ सुनेने इतिहासाचा फलक लावला होता. त्यावर मधोमध एक जुना फोटो होता. पहिल्या डब्यात एक तरुण मुलगी, केस उडालेले, तोंडाचा मोठा आ. खाली सुनेने हौसेने लिहिलं होतं, 'भेदरलेली प्रवासी'. सासूबाई त्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. सुनेला वाटलं, त्यांना फोटो वात्रट वाटला असणार.

लोक आले, पण म्हातारीकडे नाही. शेजारच्या नव्या लोखंडी झोक्यापुढे रांग लागली होती. म्हातारी रिकामे डबे घेऊन करकरत वर जायची, गडगडत खाली यायची आणि लोक लांबूनच माना हलवायचे. खाली काळा चष्मा लावलेले मालक उभे होते. इथे गाड्या लावायला झकास जागा होईल, असं ते ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणत होते. सुनेचा चेहरा पडला. या लाकडांवर तिचा जीव होता, आणि त्यांच्यासाठी मालकांशी भांडून तिने हा दिवस मिळवला होता.

तेवढ्यात सासूबाई तिच्याजवळ आल्या. त्यांनी पर्स दिली, चष्मा दिला. मग पदराआड तोंड करून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि तीही सुनेच्या हातात ठेवली. सून काही बोलणार, तोवर त्या पहिल्या डब्यात जाऊन बसल्यासुद्धा. डबे सोडणारा माणूस 'आजी, मागे बसा, मागे बसा' म्हणत राहिला. त्यांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

म्हातारी टोकावर पोचली, क्षणभर थांबली आणि सुटली. आणि अशी किंकाळी फुटली की आइस्क्रीमवाल्याच्या हातातला कोन खाली पडला. पहिल्या उतारावर ती किंकाळी उंच चढली, वळणावर थरथरली, खालच्या खड्ड्यात गेल्यावर आता संपली असं वाटलं, आणि तिथूनच पुन्हा वर उसळली. शेवटच्या वळणावर तिचं खळखळून हसू झालं. मालकांनी काळा चष्मा काढला. लोखंडी झोक्याची रांग आधी वळून बघू लागली, मग हलली, मग चक्क धावत सुटली. एवढं काय आहे त्या लाकडात, हे ज्याला त्याला आत्ताच्या आत्ता बघायचं होतं.

रांगेच्याही पुढे सून धावत होती, मुठीत कवळी घट्ट धरून. सासूला मारून आले म्हणून नवऱ्याला काय तोंड दाखवू, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सासूबाई सावकाश उतरल्या. हात पुढे करून त्यांनी कवळी घेतली, बसवली आणि मगच बोलल्या.

"त्या फोटोखालचं 'भेदरलेली' खोड आधी. आणि 'प्रवासी'सुद्धा. नोकरीत होते मी, पहिल्या डब्यात."

मग त्यांनी थोडक्यात सांगितलं. जुने मालक हुशार होते. ओरडा ऐकू आल्याशिवाय रस्त्यावरचा माणूस आत वळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून ओरडायला त्यांनी एक मुलगी कामावर ठेवली होती. घरच्यांनी विचारलं, तेव्हा तिने वरच्या जागेवर आहे असं सांगितलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. अख्ख्या पार्कात त्याहून वर कुणीच बसत नव्हतं.

सुनेला हसू आवरेना आणि रडूही. इतकी वर्षं मनात कोंडलेलं तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"आई, मग घरी एकदाही ओरडला नाहीत माझ्यावर? मला वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही."

मागे रांग वाढत चालली होती. सासूबाईंनी पुन्हा पहिल्या डब्याकडे नजर टाकली, सुनेचा गाल थोपटला आणि कवळीला हात घातला.

"वेडी की काय तू? अगं, घरी पगार कोण देत होतं?"