मुठेल

द्वारका न्हाऊन आली, तर सूनबाई चुलीपाशी बसून पळीत काहीतरी वितळवत होती.

"आई, पाय पुढे करा. टाचांच्या भेगांतून रक्त यायला लागलंय. कोनाड्यात फडक्यात बांधलेलं मुठेल सापडलं, म्हटलं लावून देते."

द्वारकेनं पळीत वाकून पाहिलं; गोळा पार वितळला होता. कोकमाच्या बिया उकळून निघालेलं तेल थिजत आलं, की तिचा नवरा मुठीत दाबून त्याचे गोळे करायचा. तेच मुठेल. तो गेल्यावर बाकीचे गोळे वापरून संपले, हा एक तिनं जपून ठेवला होता. त्याच्यावर नवऱ्याची बोटं उमटली होती, वाकड्या करंगळीसकट. दुपारी घरात कोणी नसलं, की ती त्या खाचांत आपली बोटं बसवून बघायची.

सुनेला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती मन लावून एकेक भेग भरत होती, आणि पाय खरोखरच निवत होते.

"उरलंय का गं थोडं?"

"आहे की, बरंच आहे."

द्वारकेनं मुलाला हाक मारली. "थिजत आलं की मुठीत दाब. बाबा दाबायचे तसं."

त्यानं गोळा करून तिच्या हातावर ठेवला. तिनं खाचांत बोटं बसवून पाहिली. तीन अलगद बसली. करंगळीची खाच मात्र सरळ होती.

"छान झालाय," ती म्हणाली, आणि तिनं तो गोळा मिठाच्या बरणीशेजारी, सगळ्यांच्या हाताला येईल असा ठेवून दिला.