बाबांसाठी पाडलेली खिडकी

बाबांची नजर अधू झाली म्हणून मी लुननबर्ग बंदरावरच्या आमच्या लोहारशाळेला मोठी खिडकी पाडली. पहिल्याच सकाळी होडीच्या नांगराची साखळी सांधताना त्यांच्याकडून कडी जळून गेली. होडीवाला हिमलमन बाबांना म्हणाला, "टोबायस, भरतीला निघायचंय मला. आता हे काम सोड, जाळी विणायला बस." बाबा माझ्याकडे वळले. "एवढ्या उजेडात भट्टीतलं लाल लोखंडही थंड दिसतं गं. खिडकी झाक आधी." मी गोणपाट लावलं. भट्टीपलीकडे मला काही दिसेना. बाबांनी मात्र रंग बघत नवी कडी तापवली, पांढरी होताच ऐरणीवर घेतली आणि तीन घावांत तिची दोन्ही टोकं एकजीव केली. कडी निवल्यावर हिमलमन बोट फिरवत सांधा शोधत राहिला, सापडला नाही. "खिडकी बुजवून टाकू?" मी ओशाळून विचारलं. "नको. काम संपलं की उघडत जा. तुझं तोंड बघायला उजेड लागतो मला."