मुक्याचं जेवण

आजही जेवण होताच सुमंतने आपलं ताट स्वतःच नळावर नेलं आणि राखेनं घासून काढलं.

"बायकोने नवऱ्याच्या ताटात जेवायचं, तर हा ताटच घासून मोकळा," सासूबाई म्हणाल्या. "आणि ते विड्याचं पान! होळीपासून याचं तोंड रिकामं म्हणून नाही. रेल्वेतल्या मंडळींची संगत, दुसरं काय."

सुमंत ओठ मिटूनच हसला.

त्याचा टॉवेल ऋताने हल्ली उजेडात धरून पाहायला सुरुवात केली होती. सकाळी, पहिल्या पानाच्या आधीच त्यावर लाल डाग असत. हिरड्यांतून रक्त येतं, एवढंच असेल तर ते पानाखाली झाकायचं कशाला?

श्रावणातला मंगळवार होता. मंगळागौर पुजून झाली होती. सासूबाई मंगला गौरीच्या देवळात दर्शनाला निघाल्या. "मुक्यानं जेव हो," जाता जाता त्यांनी बजावलं. "शेवटचा घास होईपर्यंत तोंडातून शब्द नको. नवऱ्याच्या आयुष्याचं व्रत आहे."

ऋता जेवायला बसली. दार लागल्याचं ऐकून सुमंत चूळ भरून आला आणि तिच्यासमोर बसला. कितीतरी दिवसांनी तिला त्याचे दात दिसले. हिरड्या दातांपासून सुटून आल्या होत्या.

"आज सांगून टाकतो," तो म्हणाला. "आज तुला मधेच काही विचारता यायचं नाही."

तिने मान वर केली.

"दातांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. एड्सचा विषाणू निघाला. पुन्हा तपासणी केली, तेच. रोगाशी लढणाऱ्या पेशीच मरतात म्हणे, मग हिरड्या अशा सडत जातात." तो जमिनीकडे बघत राहिला. "होळीच्या आधीच कळलं होतं."

तिचा हात वरणभातात तसाच थांबला.

"उष्ट्यानं लागत नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी मी तुला माझ्या ताटात एकदाही जेवू दिलं नाही. तेवढी काळजी घेतली ग मी."

ऋताने घास खाली ठेवला. पानात अजून अर्धा भात होता.

"ताट होळीपासून वेगळं केलंत," ती हळूच म्हणाली. "आणि अंथरूण?"