अभंग संपेपर्यंत

"अक्का, तुम्ही केलेलं पायाचं क्रीम फुटलं हो! वर लोणी, खाली पाणी," शेजारच्या शेवंताने डबी परत दिली.

गोदाक्का चक्रावल्या. तेल-पाणी एकजीव करणारी पावडर, क्रीम दाट करणारे सेटाइल अल्कोहोलचे मेणचट कण, सगळं मापातच होतं.

"घोटता किती वेळ?"

"बुवांचा अभंग संपेपर्यंत," त्या बोलून गेल्या आणि थबकल्या. कीर्तनकार नवऱ्याला जाऊन महिना झाला होता. अभंगच नाही, तर हात लवकर थांबणारच.

शेवंता गेल्यावर त्यांनी नवं तेल-पाणी तापवलं, रवी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा एकट्याने अभंग म्हटला. दुसरा चरण चुकला, पुन्हा घेतला; हात थांबला नाही. शेवटच्या चरणाला क्रीम आळून आलं.

पहिलं बोट नेहमी बुवांच्या भेगाळल्या टाचेला लागायचं. सवयीने भरलेलं बोट आता कुठे पुसावं, त्यांना कळेना.