बधिर तळवा

तळेघरच्या शाळेत पायांच्या तपासणीचं शिबिर होतं. सर सर्जन, आणि मी त्यांच्या हाताखाली पायांची सर्जरी शिकणारी रेसिडेंट. गावकऱ्यांप्रमाणे आम्हीही चपला दाराबाहेर काढल्या होत्या.

हौशीरामबाबांना जुनी शुगर. तळव्याला चिघळलेली जखम.

"डोळे मिटा बाबा. टोचलं की 'लागलं' म्हणा." मी पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा ताठ दोरा त्यांच्या पायाच्या अंगठ्याला टेकवला.

"नाय."

माझ्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. खाली पाहिलं, तर नुसती फरशी.

मग त्यांच्या टाचेला टेकवला.

"नाय, ताई."

माझी टाच टोचली.

तपासायच्या दहाही जागी ते "नाय" म्हणाले. दहाही जागी मला लागलं.

"सर, तुम्ही एकदा बघता?"

सरांनी दोरा बाबांच्या जखमेत दाबला. मी भिंत धरली.

"ठार बधिर," सर म्हणाले. "आतलं काळं मांस आजच हाडापर्यंत खरवडायला हवं, नाहीतर पाय जाईल. भुलीची गरज नाही. तू कर."

त्यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं.

बाबा माझ्याकडे बघून मायेनं हसले.

"थांबलात कशाला, ताई? बिनघोर चालवा. मला काय बी व्हत नाय."