भरलेला टॉवर

लुआंडाच्या समुद्रकाठचा सत्तावीस मजली टॉवर बांधल्यापासून रिकामाच होता. शहराच्या उंच इमारती समुद्रावरून कशा दिसतात ते बघून पैसा गुंतवायचा की नाही हे ठरवणारे परदेशी पाहुणे येणार म्हटल्यावर मॅनेजर आन्सेल्मोने झाडूवाल्या युफ्राझियाला बोलावलं.

"ताई, तुमची वस्ती मागेच ना? चार दिवस सगळ्यांना इथे राहायला आणा. गॅलरीत कपडे वाळत घाला, पोरांना खेळू द्या."

"लिफ्ट चालू ठेवा म्हणजे आणते, साहेब. फुंजेच्या लापशीचं पातेलं घेऊन माझ्या सासूबाई एकोणीस मजले चढायच्या नाहीत."

अख्खी वस्ती हौसेने राहायला आली. पाहुण्यांनी बोटीतून टॉवर न्याहाळला. मजल्यामजल्यावर माणसं बघून त्यांचा म्होरक्या म्हणाला, "इथे तर लोकांना घरं पुरत नाहीत," आणि आणखी तीन टॉवर बांधायला तिथल्या तिथे होकार दिला.



त्यासाठी मोकळी जागा शोधायला सरकारी माणसांना लांब जावं लागलं नाही. टॉवरच्या मागची वस्ती चार दिवसांपासून ओसच पडली होती.