दहाची सळी

इंजिनिअर शिवांजलीनं सळीवर टेप धरला, पुन्हा धरला.

तिच्या नकाशात या गॅलरीला सोळा मिलिमीटरच्या सळ्या होत्या. इथं दहाच्या बांधल्या होत्या, जेमतेम करंगळीएवढ्या. गॅलरी भिंतीपासून सहा फूट बाहेर जाणार होती, आणि खाली एकही खांब नव्हता. रस्त्यावर तयार काँक्रीटची, रेडिमिक्सची गाडी येऊन उभी होती. तिचा ड्रम गरगरत होता. पंपाचा पाइप वर आणून जोडूनही झाला होता.

"गुंडू मिस्त्री, या सळ्या कुणी बदलल्या?"

साठीच्या गुंडू मिस्त्रीनं डोक्याचा टॉवेल सोडला, झटकला, परत गुंडाळला.

उत्तर जिन्यातून आलं. घराचे मालक विजयसिंह वर येत होते. "मी सांगितलं बदलाय. का?"

"साहेब, गॅलरी पडेल."

"कशानं पडतीया? निम्म्या उचगावाची घरं दहाच्या सळीवर हुबी हायत. आन् तुम्हीच म्हणलासा न्हवं, बत्तीस लाखाच्या वर जायचं न्हाय म्हणून? बसवलं की मी बत्तीसात. सागवानी दार पावण्याला दिसतंय. सळी दिसती व्हय?"

आठ महिन्यांपूर्वी तिच्याच ऑफिसात दोघांनी एस्टिमेटवर लाल पेन चालवलं होतं. फरशी हलकी घेतली, छताचं पीओपी उडवलं. दाराला मात्र विजयसिंहांनी हात लावू दिला नव्हता. मग एक दिवस आकडा बत्तीसात बसल्याचा त्यांचा फोन आला, आणि तिला नुसतं हायसं वाटलं. एकटीनं घेतलेलं तिचं हे पहिलंच काम होतं. कसा बसला, हे तिनं विचारलं नव्हतं.

आता आजूबाजूला बारा-तेरा माणसं, सगळे पुरुष, बहुतेक तिच्याहून मोठे, आणि सगळे तिच्याकडं बघत होते. आवाज कापेल म्हणून ती हळू बोलली.

"आज स्लॅब टाकायचा नाही."

"गाडी दारात हाय, मॅडम! परत गेली तर पैसं कोण भरणार? तुमचा बाप?"

"माझ्या फीतून कापा."

"ए, चालू कर रं पंप!"

शिवांजली चालत गॅलरीच्या टोकाला गेली आणि सळ्यांच्या जाळीवर उभी राहिली. मग ती तिथंच खाली बसली.

पंपवाल्यानं हात वर केले. "मॅडम उठल्याबिगर आपण बटन दाबत न्हाय. उद्या काय झालं तर आमीच आत जायचो."

विजयसिंह ओरडले. त्यांनी दोन-तीन फोन लावले. मग तिच्यासमोर येऊन कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. ती त्यांच्या बुटांकडं बघत राहिली. ऊन चढलं, सळ्या तापल्या. गाडीचा ड्रायव्हर खालून हाका मारायला लागला, माल ड्रममध्येच घट्ट बसंल म्हणून. पाऊण तासानं गाडी वळली.

विजयसिंहांनी एक घमेलं लाथेनं उडवलं. "उद्यापास्नं हिकडं पाय ठिवायचा न्हाय," म्हणाले, आणि जिना उतरून मोटारीत बसून निघून गेले.

जिंकल्यासारखं तिला काहीच वाटलं नाही. माणसं पांगली. गुंडू मिस्त्री तेवढा मागं राहिला. त्यानं तिला उठायला हात दिला, आणि ती उठली तरी सोडला नाही.

"मॅडम, एक सांगू? माझं नाव घेऊ नका."

"सांगा."

"मागल्या खोलीची बीम. नकाशात सहा सळ्या हुत्या न्हवं? तीनच घातल्यात."

"पण मला फोटो आला होता..."

"त्यो दुसऱ्या बीमचा."

ती बीम भरली त्या दिवशी शिवांजली तापानं पडून होती. सळ्यांचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, तिनं अंगठा पाठवला आणि कूस बदलून झोपली.

ती जिना उतरून मागल्या खोलीकडं गेली. पुढचं काम संपेपर्यंत घरातली सगळी माणसं त्या खोलीत राहत होती. आत विजयसिंहांची आई, शालूबाई, जमिनीवर पाय पसरून लसूण सोलत होत्या. मधूनच पाळण्याची दोरी ओढत होत्या. पाळणा वरच्या बीमच्या हुकाला टांगला होता, आणि त्यात चार महिन्यांचं बाळ झोपलं होतं.

शिवांजलीनं वर बघितलं. रंग नवा होता. हुकापासून भिंतीकडं केसाएवढी एक रेघ गेली होती. ती रंगातली की सिमेंटातली, ते खालून कळत नव्हतं.

"ये पोरी, बस की. वर काय बघतीस?"

"आज्जी, बाळाला घेऊन जरा बाहेर बसूया का?"

"ह्या उन्हात? काय तरीच. आत कसं गार हाय बघ." शालूबाईंनी दोरी ओढली. वर हूक कुरकुरला.

शिवांजलीनं पाळण्यात हात घातला, झोपलेलं बाळ छातीशी धरलं आणि ती चालायला लागली. बाळानं टाहो फोडला.

"अगं ए! याड लागलं काय तुला? कुठं निघालीस लेकरू घेऊन?" शालूबाई धडपडत उठल्या. ओच्यातला लसूण उंबऱ्यापासून अंगणभर सांडला. त्या तशाच ओरडत, अनवाणी, तिच्यामागं भर उन्हात धावत आल्या.

शिवांजली थांबली नाही. घरापासून अजून किती लांब जायला हवं, तेवढंच ती मनात मोजत होती.